कोट नंबर सतरा

मे महिन्यात आमच्या दुकानात बर्फाची भाषा चालते.
मुलुंड पश्चिम, पहिला मजला.
खाली डांबराला चपला चिकटतात
आणि वर देढिया शेठ गिऱ्हाइकाला विचारतात,
"आतून फरवाला देऊ की साधा?"

कोट भाड्याने. दहा दिवस, पंधरा दिवस. डिपॉझिट वेगळं.
परत आलेले मी तपासते:
चेन, बटणं, डाग, कुठे उसवलंय का.
शेवटी खिसे.
वहीत खिशांचा रकाना नाही.

सतरा नंबर, गडद निळा, शनिवारी आला.
नेला होता गोरेगावच्या चौबळबाईंनी,
परत द्यायला मुलगा,
खाली स्कूटर चालूच ठेवून.

उजव्या खिशात बोटीचं तिकीट.
तळ्याकाठचं एक शहर.
त्याचं नाव तिकिटावर एक, शेठच्या तोंडी दुसरं,
आणि चौबळबाई जाताना तिसरंच म्हणाल्या होत्या.
ब्रेडचा चुरा. एक पांढरं पीस.
चॉकलेटची चांदी, नखाने गुळगुळीत केलेली.
डाव्या खिशात ॲव्होमिनची पट्टी, एक गोळी कमी,
आणि एक चपटा करडा खडा.

एवढ्यावरून मी त्यांचा दिवस लावला.
नाश्त्याचा ब्रेड टिश्यूत बांधून घेणारी बाई
काही परकी नाही.
मंडळी घड्याळांच्या दुकानात शिरली
तेव्हा ह्या काठावर बसल्या असणार.
लाकडी पूल बघून म्हणाल्या असतील,
पुलाला छप्पर कशाला?
हंस जवळ आला, मानेचा आकडा करून,
तेव्हा थोड्या घाबरल्या, थोडा ब्रेड टाकला.
बोट लागली नाही, पण गोळी आधीच घेतलेली.
मग खडा उचलला.
फेकायचाच होता.
कोणीतरी बघत असेल,
परदेशात काय चालतं काय नाही, कुणास ठाऊक,
म्हणून खिशात.

सोमवारी दुकान बंद.
धुलाईला द्यायचा कोट हातावर घेऊन
मी पवईला गेले.
तळं तेवढंच सपाट, फक्त कडेने जलपर्णी,
एका दगडावर पंख वाळत घातलेला पाणकावळा
आणि महापालिकेची पाटी: मगरींपासून सावध.
हंसाचं काम बगळ्यावर भागवलं.
पलीकडे काचेच्या इमारती,
त्यांना मी डोंगर म्हटलं. कोण विचारतंय?

बाकावर बसून कोट घातला.
चेन गळ्यापर्यंत.
घाम पाठीवरून सरळ कमरेत.
वॉचमन आला, जरा लांबच थांबला.
"ताई, ताप आहे का?"
म्हटलं, "नाही, ट्रायल घेतेय."
तो मान हलवून गेला,
जणू दर सोमवारी कोणीतरी येतं असं.

दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले, पुडीतून एकेक.
तिकीट हातात धरून तळ्याकडे पाहिलं,
पुन्हा तिकिटाकडे.
तारीख होती, वेळ होती, दहा पंचवीस.
माझ्या घड्याळात पावणेपाच.
आई घरी चहाची वाट बघत असेल,
ती वेळही माझ्याच खिशात.

मग उठले, खडा बोटात तिरका धरला.
लहानपणी वैतरणेच्या डोहात मामा शिकवायचा,
मनगट सैल, अंग नाही हलवायचं.
एक भाकरी. दोन.
तिसरी अर्धीच निघाली, करपल्यासारखी,
आणि चौबळबाईंचं ते शहर
पवईच्या गाळात जाऊन बसलं.
मगरीने काही म्हटलं नाही.

कोट बुधवारी धुऊन आला.
गुरुवारी टिळेकर नेणार, नऊ रात्री दहा दिवस.
डाव्या खिशात मी दोन शेंगदाणे टाकले,
सालासकट.
बोटीवर हात गारठला की सापडतील.

"डाग?" शेठने विचारलं.
"नाही."
"खिसे बघितले?"
"बघितले."