हात वर

धरणगावात बंद जिनिंगच्या शेडमध्ये
भामरेबाईंनी शाळा काढली, तेव्हा
सरकीचा वास अजून भिंतींना होता.
पत्र्याच्या भोकांतून उन्हाची नाणी पडायची.
ती मोजायची,
किंवा नाही मोजायची.

"तुले काय शिकनं शे?" बाई विचारायच्या.
आम्ही छडीच्या शाळेतून आलेलो,
हात आपसूक पाठीमागे.
मला तर प्रश्न कळायलाच एक पावसाळा गेला.

घंटा होती, पण दोरी आमच्या उंचीची.
ज्याला वर्ग हवा त्यानं वाजवायची.
एकदा नऊ दिवस ती वाजलीच नाही,
बाई निंबाखाली तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या.
दहाव्या दिवशी सुपडूनं वाजवली.
कापसाच्या काट्यात मापाडी किती खातो
ते त्याला काढायचं होतं.

जाम्या पावरा तीन वर्षं विहिरीच्या काठावर.
तपासनीस आले. "हा काय शिकतो?"
"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या, "त्यालाच विचारा."
जाम्यानं सांगितलं, कोणत्या महिन्यात
पाणी किती पायऱ्या उतरतं.
साहेबांच्या फॉर्मात त्याला रकाना नव्हता.

शनिवारी सभा. एकाला एक मत,
बाईंनाही एकच.
शेळी पाळायची ठरलं, शिवीला दंड ठरला.
सातव्या वर्षी रमणनं ठराव मांडला:
बाकं, गणवेश, परीक्षा. गावातल्या शाळेसारखं.
त्याच्या बहिणीला पाहायला आलेले म्हणाले होते,
"तीच ना शाळा, पोरं काहीच करत नाहीत ती?"

बाई बोलल्या. चांगलं बोलल्या.
मग हात मोजले.
एकोणीस विरुद्ध सोळा.
जाम्या विहिरीवर होता.
बाईंचा हात सोळात,
माझा एकोणिसात.

ठराव त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला,
एकही वेलांटी न चुकता,
आणि सोमवारी स्टुलावर चढून
घंटेची दोरी
दोन हात वर बांधून दिली.

लोक म्हणतात, ती शाळा बंद पडली.
पडली नाही हो. आम्ही ठरवलं.
मला दहावी मिळाली, नंतर अमळनेरला हायस्कुलात
लिपिकाची खुर्ची. हजेरीपट माझ्याकडेच असतो.

कधी घंटा होऊन जाते
आणि एखादं पोरगं फाटकातच उभं राहतं,
एक पाय आत, एक रस्त्यावर.
शिपाई हाका मारतो.
मी पेनाचं टोपण काढत नाही,
त्याचं ठरेपर्यंत.