पस्तिसास एक

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून
मी सुरुवात करतो तपकिरीपासून.
गंज आधी, रंग नंतर; या कामात सगळं उलटंच.
गंजावर हेअरस्प्रे, ओलसर जागी चिमूटभर जाडं मीठ,
मग एअरब्रशने तो लष्करी हिरवा,
आणि वाळला की कोमट पाणी, दातांचा जुना ब्रश.
मीठ विरघळतं. जागोजाग पोपडे सुटतात.
एका रविवारात तीस वर्षं उरकतात.

वेस्ना म्हणते, खिडकीची चौकट रंगवायची राहिलीय दोन वर्षं,
तिचे पोपडे बरे दिसत नाहीत तुला.
खरं आहे.

हा टी-पंचावन्न. दोन तळहातांवर मावतो.
तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, इथेच, ओसियेकमध्ये,
एका तळघरात, कोळशाच्या पोत्यांमागे.
रणगाडा मी ऐकलाय. पाहिलेला नाही.
आधी फळीवरच्या बरण्या किणकिणायच्या,
मग भिंत, मग दात.
आवाज पाठ आहे.
रंग विचारून घ्यावा लागतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या ल्येर्कामावशी
आमच्या रिकाम्या बरण्या परत द्यायला आल्या, सहा,
धुऊन, पुसून, झाकणांसकट.
दोरीला लोंबणारा चष्मा लावून वाकल्या.
हे काय?
गंजाचे ओघळ, मी म्हणालो, जरा फुशारकीनेच,
तेलरंगाचा एक ठिपका, मग टर्पेंटाईनने खाली ओढायचा.

गंजायला जगावं लागतं, बाळा.
आमच्या शेडमध्ये यायचे ते गोदामातून नवा रंग देऊन काढलेले,
आठवड्याभरात आमच्याकडे.
आकड्यांचा पांढरा रंग बोटाला लागेल असा.

वीस वर्षं एकच जिना चढतोय आम्ही.
कुठली शेड?
दुरुस्तीची. मी दुरुस्ती नाही केली, मी धुवायचे.
नळी, सोडा, लांब दांड्याचा ब्रश.
कुणाचे रणगाडे?
लोखंडाचे, त्या म्हणाल्या.

मग नख टेकवलं, अगदी हलकेच,
चालकाच्या झाकणाच्या काठावर.
इथे. चढता-उतरता पोराचे दोन हात इथेच टेकतात.
रंग जातो, पण गंज नाही धरत.
चकाकतं. दाराच्या कडीसारखं.
आणि मागे, इथे, एकावर एक जग टांगलेला होता,
इनॅमलचा, निळ्या काठाचा, तळाशी कॉफी वाळलेली.
तो मी घरी नेला होता.
दुसऱ्या दिवशी परत आणून अडकवला.

बुरुजाचं झाकण उघडं होतं.
ते दिसावं म्हणूनच उघडं होतं:
आसनं, दुर्बीण, गोळ्यांची मांडणी, केसाएवढ्या वायरी,
तीन महिन्यांचं काम.
आतून पांढरा रंगवलास.
पांढराच असतो ना?
पांढराच असतो.
फ्रिज एकदा घरघरून गप्प झाला.
झाकण लाव, त्या म्हणाल्या,
आणि चहाला थांबल्या नाहीत.

ओघळ मी पुसून काढले. टर्पेंटाईन, कापूस, अर्धा तास.
मऊ पेन्सिल बोटावर घासून तेच बोट
झाकणाच्या काठावर फिरवलं, पुन्हा फिरवलं,
तिथे हळूहळू लोखंड उगवलं.
जग दह्याच्या डब्याच्या चंदेरी कागदाचा.
तीन रात्री गेल्या; निळा काठ दोनदा फसला.
आणि बुरुजाच्या झाकणाला गोंदाचा थेंब.
आत सगळं आहे. वायरीसुद्धा.

ऑक्टोबरच्या प्रदर्शनात परीक्षकाने चिठ्ठीवर लिहिलं:
रंगकाम स्वच्छ. झीज अपुरी. आतला भाग नाही.
जगाबद्दल काही नाही.

त्या सहा बरण्या अजून फळीवर आहेत,
वेस्ना म्हणते मिरच्यांच्या हंगामात लागतील.
खालून ट्राम गेली की त्या किणकिणतात.
मी ब्रश वर उचलून धरतो
ती वळणापलीकडे जाईपर्यंत.