बुडालेली

जिरोनातल्या तळघरात रेमेईबाई म्हणाल्या,
बत्ता एकाच दिशेनं. मधेच मत बदलायचं नाही.
लसूण, मीठ, मग तेल थेंबथेंब.
अंडं घालणाऱ्यांचा विषय निघाला
तसं त्यांनी नाक मुरडलं.

माझा हात भरून आला, म्हणून एउदाल्दनं बुधली घेतली—
सत्तरीचा, बायको गेल्यावर पहिल्यांदाच ओट्यापाशी—
आणि भसकन ओतलं.

"बुडाली," बाई म्हणाल्या.
फुटली, नासली असं नाही; कॅटलानमध्ये
अलिओली बुडते.
एउदाल्द खलाकडे बघतच राहिला.

दुसरा खल. भिजवलेला पाव.
त्यात ती बुडालेली, पुन्हा थेंबाथेंबानं.
त्यानं दोन्ही हातांनी खल धरला,
मी फिरवत गेले.

निघताना उरलेली जॅमच्या बरणीत भरून घेत
त्यानं विचारलं, किती दिवस टिकते?
आजच खा, बाई म्हणाल्या.