अकरा मिनिटांनी

मानेवाडा रोडवरच्या दवाखान्यात मला घेतलं
तेव्हा सेन्सर दिवसाला
एकेचाळीस हजार वेळा ओरडत होता.
धकाते सर म्हणाले, "एवढं ओरडून राह्यला बाप्पा,
कोन पायते? दोन वर्षं झाले,
कोनीच नाही पाहून राह्यलं."

मग मी बसले.
जिन्याखालच्या सर्व्हर रूममध्ये, स्वेटर घालून.
बाहेर शेहेचाळीस डिग्री, डांबर चपलेला चिकटत होतं.
एकेक सिग्नेचर उघडायची आणि तिला विचारायचं,
तू कोणाला घाबरलीस?

ही घाबरली अकाउंट्सच्या प्रिंटरला.
ही एक्स-रेच्या मशीनला, जे अजून अशा भाषेत बोलतं
की ती बनवणारेही विसरले असतील.
ही तर डॉक्टर पौनीकरांच्या मुलाला,
सुट्टीत बाबांच्या केबिनमध्ये बसून गेम खेळायचा.
एकीला म्हटलं, मिनिटात एकदा नको,
वीसदा झालं तर सांग.
दुसरीला, पहिल्या चाळीस बाइट्सपुरतंच बघ,
पुढे डोकावू नकोस.
जे सर्व्हर इथे कधी नव्हतेच
त्यांच्यासाठी रडणाऱ्या सहाशे बारा
सरळ बंद केल्या.

एक मात्र हटेना.
दर अकरा मिनिटांनी, तळमजल्यावरून,
रक्तपेढीच्या फ्रिजवरची तापमान मोजणारी डबी
एक वेडंवाकडं पॅकेट पाठवायची.
लांबी एक सांगायची, मजकूर भलताच निघायचा,
हल्ला करणारा करतो अगदी तसं.
खाली जाऊन पाहिलं. चिकटपट्टीनं बांधलेली.
बनवणारी कंपनी बुटीबोरीला होती, बंद पडली.
टेक्निशियन मेश्राम म्हणाला, "थे तशीच हाय मॅडम.
बोबडं बोलते, पन खोटं नाही बोलत."
वर आले. तिचा पत्ता टाकला.
सप्रेस. एक ओळ.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: निरुपद्रवी.

एकेचाळीस हजारांचे तेवीस झाले.
धकाते सरांनी सांबारवडी मागवली.

घरी, हुडकेश्वरला, मी कूलरच्या आवाजात झोपते.
पंपाची गुळगुळ, पत्र्याची थरथर, सगळं चालतं.
लाइन गेली की मात्र टक्क जाग येते.
अंधारात उठून बसते, काय झालं म्हणून.
काही झालेलं नसतं.

मेच्या तिसऱ्या सोमवारी कळलं,
फ्रिज शनिवारी रात्रीच गेला होता.
डबीही त्याच बोर्डावर.
सतरा पिशव्या. त्यात दोन ओ निगेटिव्ह.
मेश्राम एकेक उचलून पिवळ्या थैलीत टाकत होता,
नंबर वाचून, हळू.
माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. कशाला पाहतील?
चौकशीच्या कागदावर कॉम्प्रेसर आहे, वायरमन आहे,
रविवारची सुट्टी आहे.
मी नाही.

त्या रात्री सप्रेसच्या आधीचा लॉग उघडला.
अकरा मिनिटं. अकरा मिनिटं. अकरा मिनिटं.
कुणीतरी खालून सांगत होतं, आहे, अजून आहे,
आणि सिग्नेचरनं त्याला हल्ला म्हटलं होतं,
आणि मी काहीच नाही म्हटलं.

सेन्सरला आलेलं पॅकेट कळतं.
न आलेलं पकडायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.
म्हणून वेगळीच स्क्रिप्ट लिहिली, बावीस ओळींची:
बारावं मिनिट उलटलं
आणि ती बोलली नाही,
तर मला उठव.

धकाते सर मागे उभे राहून वाचत होते.
"हे कायच्यासाठी वं?"
सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही.

फ्रिज नवा आलाय. डबी तीच.
पहिल्या रात्री फोन वाजला नाही.
कूलर चालू होता, लाइन होती,
आणि मी उशीखाली घड्याळ घेऊन
मोजत पडले होते, नऊ, दहा.