अळणी

कुमालुक पाणी चाखतो.
बर्फाला पाडलेल्या भोकात करंगळी बुडवून,
जिभेच्या टोकावर, डोळे मिटून,
कालवणात मीठ पडलंय का पाहावं तसा.
मग एक शब्द म्हणतो. त्याच्या भाषेत तो लांब आहे,
घशात सुरू होऊन ओठांपर्यंत येणारा.
मला तो एवढाच आणता आला :
अळणी.

त्याची भाची अकिनिसी यंत्र खाली सोडते.
दोरीला दर मीटरवर लाल गाठ.
तीन गाठी, सात गाठी, वीस.
आकडे पेन्सिलीने, कारण शाई गोठते.
मामाची जीभ आणि यंत्र
यांचा आज वाद नाही.

हडसनचा उपसागर. नकाशात
कुणीतरी खंडाला घेतलेला मोठा घास.
पश्चिम काठावर अस्वलं बर्फ धरायची वाट पाहत
शेवाळावर लोळत पडतात, उपाशी, दाराशी बसल्यासारखी.
दक्षिणेला क्री लोकांच्या नद्या.
त्या नद्यांना आता दारं बसवली आहेत,
उन्हाळ्यात ओढलेली, हिवाळ्यात उघडी,
दूरच्या शहरांतल्या खोल्या उबदार राहाव्यात म्हणून.

पूर्वी नदी हिवाळाभर निजायची
आणि जूनमध्ये एकदम यायची,
माती, ओंडके, एखादी फुटकी होडी घेऊन.
(या बेटांवर झाड नाही. लाकूड म्हणजे
नदीने धाडलेलं.)
आता ती जानेवारीत येते,
बर्फाखालून, चोरपावलांनी,
खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर बसून.
गोडं पाणी लवकर गोठतं.
एवढंच. शाळेतलं पोरही सांगेल.
पण ज्या फटी कधीच मिटत नव्हत्या,
ज्यांना नावं होती,
त्या मिटतात.
समुद्र आहे, पण मिठाला जागत नाही.

इडर बदकं इथून जात नाहीत.
बाकी सगळे पक्षी दक्षिणेला निघाले तरी
ही फटींशी बसून राहतात, तळाशी बुडी मारतात,
कालवं आणि काटेरी समुद्रसाळू गिळतात, काट्यांसकट.
फेब्रुवारीत दोघांना एक तळं दिसलं,
अंगणाएवढं. त्यात चारेकशे बदकं
नुसती पाय मारत होती,
पाणी जागं ठेवायला.
दुसऱ्या दिवशी तळं ताटाएवढं.
तिसऱ्या दिवशी अकिनिसी वही घेऊन गेली
आणि मोजायला वेळच लागला नाही.

एक जिवंत होतं.
तिने ते अंगरख्याच्या आत घातलं.
अंगरखा तिच्या आईने शिवलेला, इडरच्या कातड्यांचा,
पिसं आतल्या अंगाला.
सामुद्रधुनीपर्यंत, जिथे प्रवाह अजून ऐकत नाही कुणाचं,
बारा किलोमीटर स्नोमोबाईलवर,
पिसांच्या आत पिसं
आणि मधे एक धडधड,
कुणाची ते तिला कळेना.

सोडलं.
बुडालं.
कुमालुकने सिगारेट पेटवली, विझली, पुन्हा पेटवली.
मग चोचीत साळू घेऊन वर आलं, गिळलं,
पाठ फिरवली.
आभार वगैरे काही नाही.

परतताना टेकडीवर दगडांची वर्तुळं,
जुन्या तंबूंची. कुणी एवढ्या वर का राहील?
"तेव्हा पाणी इथवर होतं," मामा म्हणाला.
"समुद्र उतरला नाही. जमीन उठतेय."
हजारो वर्षांपूर्वी पाठीवरचा बर्फ उतरला,
तिला अजून सरळ होता येत नाहीये नीट.
दरसाल नखाएवढी.
त्याच्या आजोबांनी कयाक ओढलेली खाच
आता गवतात आहे,
आणि तिच्यात सशाची लेंडी.

रात्री अकिनिसी तक्ता भरते.
खोली, तापमान, क्षारता.
शेवटचा रकाना : शेरा.
त्यात ती मामाचा शब्द लिहिते, अख्खा लांब.
ऑफिसातून विचारतील,
हे कशाने मोजलं?
पेन्सिलीला टोक काढून
ती पुढे लिहिते :
करंगळीने.