धुण्याचं पाणी

मी पियसेन. पेरादेनियाच्या रसायनशाळेत
एकतीस वर्षं काचेची भांडी धुतो.
कोण काय बनवतं ते मला नीट कळत नाही,
काय उरतं, ते मात्र कळतं.

बोगलाच्या खाणीतला मिनिरन
बोटांतून मासळीसारखा निसटतो.
थोरले मामा तो खणायचे;
शेवटची अंघोळ घातली तेव्हाही
त्यांच्या पाठीवरून चंदेरी पाणी गेलं.

डॉक्टर शिरोमी हेट्टीगे म्हणतात,
याचे पदर सोडवत गेलं
तर शेवटी एकच उरतो, अणूइतका जाड,
आणि तरी पोलादाहून चिवट.
कांदाच की, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
हो, म्हणाल्या, रडवतोही तसाच.

आधीच्या सरांच्या काळी
बर्फात बुडवलेल्या चंबूत तीव्र आम्ल,
त्यात चिमटी चिमटी जांभळे खडे,
वर तपकिरी धूर.
लग्नाआधीच माझे हात पिवळे झाले ते तिथे.
आणि शेवटी ती छोटी बाटली, हायड्रॅझिनची,
जिचं झाकण उघडताना
सर स्वतः दाराबाहेर उभे राहत.

ह्या बाई आल्या त्या दिवशी
थेट मोरीपाशी आल्या.
विचारलं, हे पाणी जातं कुठे?
भिंतीपलीकडे ओढा, मी सांगितलं,
ओढ्याच्या पुढे महावेली.
बराच वेळ त्या नळाकडे बघत राहिल्या.

मग चहा आला. प्यायचा नव्हे,
हंतानच्या कारखान्यात झाडून काढलेला केर.
उकळा, गाळा, मिसळा, तापवा.
त्रेचाळीस वेळा फसलं.
चव्वेचाळिसाव्या खेपेला दुपारी चारला
तपकिरी पाणी हळूहळू काळं पडलं,
आणि तर्षिणी नावाची पोर
वर्गात नापास झाल्यासारखी रडली. आनंदानं.

निबंधाच्या मथळ्यात 'हरित' शब्द होता.
बाईंनी तो खोडला.
हायड्रॅझिन गेलं, पण आम्ल आहेच, म्हणाल्या,
आणि पियसेनच्या बादल्या कोण मोजणार?
वीज वाहण्याचा आकडाही कमी भरलेला,
तोही तसाच लिहिला.
तर्षिणी म्हणाली, परत पाठवतील.
पाठवला.

तेव्हापासून मोरीवरच्या भिंतीवर
कानामागच्या शिसपेन्सिलीनं
मी बादलीगणिक रेघ ओढतो.
(हिच्यात शिसं नसतंच, हे मला इथे कळलं.
मामांचाच माल.)
एका ग्रॅमला एकतीस रेघा, मग सव्वीस,
पावसाळ्यात पुन्हा एकोणतीस,
का ते कुणाला सांगता आलं नाही.

आज सतरावी ओतली,
कागदाची पट्टी बुडवली.
लाल नाही.
बाईंना हाक मारली. त्या आल्या, पट्टी उजेडात धरली,
आणि म्हणाल्या,
अजून एकदा बघू या.
मी अठरावी भरायला घेतली.