बिजागरी

कपाटाचं दार निखळलं तेव्हा
धायरीहून सुतार आला, दशरथ पांगारे.
बिजागरी हातात धरून त्यानं आत पाहिलं,
मग माझ्याकडे, मग पुन्हा आत.
"घरात बाया किती?"
एकच, म्हटलं.
त्यानं तोंडात स्क्रू धरले होते
म्हणून हसला नसावा.

त्याला हात घालायला जागा हवी होती.
सगळं पलंगावर काढलं.
मोहरी रंगाचे कुर्ते निघाले नऊ.
नऊ! आणि मला मोहरी शोभत नाही
हे कॉलेजपासून ठाऊक आहे,
कावीळ झाल्यासारखा दिसतो चेहरा.
ती पिवळी रास बघत बसले
आणि आठवली मीनाक्षी ओगले,
विम्याच्या ऑफिसातलं माझं पहिलं वर्ष,
तिचा मोहरी कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या,
साहेबाला म्हणाली होती, "हे मला जमणार नाही."
एवढंच.
आणि डबा उघडून जेवायला बसली.

नऊ वेळा मी लक्ष्मी रोडला
तिचं ते वाक्य विकत आणायला गेले होते.
माझ्या मापाचं मिळालं नाही.

बाकीचंही असंच.
पाच किलो उतरल्यावर घालायची जीन्स.
मावसबहिणीच्या लग्नासाठीचा घागरा,
तिचा घटस्फोटही झाला,
याचं लेबल अजून निघालं नाही.
रात्री साडेअकराला, पाय ठणकत असताना
नुसत्या अंगठ्यानं घेतलेले तीन टॉप:
वाचले किती ते लगेच ठळक अक्षरात येतं,
गेले किती ते बँक कळवते, सावकाश.
कुरिअरचा पोरगा हल्ली नाव विचारत नाही,
"ताई, मी" म्हणतो,
घरच्यासारखा.

तेव्हापासून दुधाच्या वहीत, मागच्या पानांवर
तारीख घालून लिहिते, काय हवंय ते.
आणि एकवीस दिवस थांबते.
परवा वाचलं: "खण, जांभळा, खोल खिसा. हवाच."
हवाच-खाली दोन रेघा.
कुणाला हवा होता?
अक्षर माझं, निकड कुणा पाहुणीची,
जी जेवून, हात पुसून, केव्हाच गेली.

खोटं कशाला बोलू,
नवरात्रात वही मुद्दाम घरी ठेवली
आणि एफसी रोडवरनं एक पायजमा आणलाच.
चांगला आहे. रोज घालते.
त्याबद्दल मला काही ऐकायचं नाही.

राखाडी सुती कुर्ता, आठ वर्षांचा,
कॉलर विरलेली, खिशाला शाईचा डाग.
तो घातला की दिवसभर
मी आरशाकडे जात नाही.
दुकानाच्या काचेतही नाही.
कसबा पेठेत मोमीन मास्तरांपुढे ठेवला,
म्हटलं, अस्सा शिवा.
त्यांनी उलटा करून शिवण पाहिली.
"कापड आणा. घाई नाही.
तेवढं मोहरी आणू नका,
नऊ जोड बाह्या मीच आखूड केल्यात तुमच्या."

परतताना तुळशीबाग.
"या ताई, तुमचाच रंग आलाय!"
एरवी मान खाली घालून पुढे जाते,
किंवा जात नाही.
आज थांबून विचारलं, माझा कुठला?
पोरगा गडबडला. हातातली ओढणी खाली केली,
मला नीट पाहिलं, मग ओढणीला.
"खरं सांगू? सकाळपासून
सगळ्यांना तुमचाच म्हणतोय."
दोघंही हसलो.
त्यानं लगेच पुढच्या बाईला हाक मारली.

पलीकडे बटणांचं दुकान.
राखाडीला सहा लागतात.
सात घेतली.
सातवं कशाला,
ते वहीत लिहिलेलं नाही.